पहाटेची घेरी, १५८ चा आकडा आणि मामाजींच्या गोळ्या

पत्र:

ताई, आम्ही मानेवाड्याला राहतो. माझे सासरे, म्हणजे मामाजी, ७२ वर्षांचे आहेत. बीपी जुनंच आहे, पण मार्चमध्ये दवाखान्यात भरती होते तेव्हा गोळ्या बदलल्या. आता सकाळी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी, संध्याकाळी अॅम्लोडिपिन ५, आणि रात्री लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन. ही शेवटची दुसऱ्या डॉक्टरांनी दिली आहे. गुडघे दुखले की स्वतःच मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफेनॅक आणतात. पहाटे लघवीला उठले की त्यांना घेरी येते. परवा तर बाथरूमच्या दारात चौकट धरून खालीच बसले. संध्याकाळी पाय सुजतात. मशीन आणल्यापासून दिवसातून पाच-सहादा बीपी मोजतात. ११८ आलं की म्हणतात, आता गोळी कशाला? १५८ आलं की शेजारचे काका म्हणतात, एक जास्तीची देऊन टाका. सासूबाई म्हणतात, हे सगळं उन्हामुळे. मी काही नर्स नाही, पण मामाजींचं सगळं माझ्याकडेच आहे. मी नेमकं काय पाहू?
– एक सून, नागपूर

उत्तर:

ताई, तुम्ही पत्रात गोळ्यांची नावं नीट लिहून पाठवलीत, त्याने माझं अर्धं काम झालं. बरेच जण नुसतं 'पांढरी गोळी, गुलाबी गोळी' असं लिहितात.

तुम्हाला १५८ च्या आकड्याची धास्ती वाटते आहे. मला जास्त काळजी वाटते ती पहाटेच्या घेरीची. बीपी एखाद्या दिवशी १५८ आलं तर त्या दिवशी सहसा काही बिघडत नाही. पण ७२ व्या वर्षी माणूस बाथरूमच्या फरशीवर पडला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर चालतं-फिरतं माणूस महिनोन्‌महिने खाटेवर येतं. म्हणून आधी घेरीचं बघू.

मामाजींची यादी पुन्हा वाचा. टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या सैल करतं, क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं, अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं. आणि रात्री झोपताना घेतलेलं टॅम्सुलोसिन प्रोस्टेटच्या भागातले स्नायू सैल करतं, पण त्याचा थोडा परिणाम रक्तवाहिन्यांवरही होतो. म्हणजे बीपी उतरवणारी औषधं तीन नाहीत, चार आहेत. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबर औषध दिलं आहे. फक्त चारही औषधं एका कागदावर बहुतेक कोणी पाहिली नसावीत. ते काम घरात औषधं देणाऱ्याचं, म्हणजे तुमचं.

आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून बीपी सांभाळून घेतं. वय झालं की हे सावरणं संथ होतं, आणि वर या गोळ्या असल्या की आणखी संथ. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मामाजी सकाळी नऊ वाजता चहा पिऊन, खुर्चीत बसून जे बीपी मोजतात, त्यात हे कधीच दिसणार नाही. ते आकडे छान येतील आणि पहाटे माणूस पडेल.

म्हणून उद्याच हे करा. मामाजी सकाळी उठायच्या आधी, पलंगावर आडवे असतानाच पाच मिनिटं शांत पडू द्या आणि बीपी मोजा. मग हळूहळू उभे करा. पट्टा दंडावरून काढू नका. उभं राहून एक मिनिट झालं की एकदा मोजा, तीन मिनिटं झाली की पुन्हा एकदा. उभ्याने मोजताना हात लोंबकळत ठेवू नका, तुमच्या हातावर किंवा टेबलावर छातीच्या उंचीला टेकवा. मागे खुर्ची ठेवा आणि तुम्ही अगदी बाजूला उभ्या राहा. मध्येच घेरी आली तर मोजणं सोडून लगेच बसवा. झोपल्यापेक्षा उभ्याचा वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० किंवा जास्त उतरला, तर हे उभं राहिल्यावर बीपी पडण्याचंच दुखणं आहे. तीन दिवस असं मोजून लिहा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कोणती गोळी कमी करायची, कोणती वेळ बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. घेरी येते म्हणून बीपीची गोळी घरच्या घरी बंद करू नका, तसंच टॅम्सुलोसिनही स्वतःहून थांबवू नका. लघवी अडली तर ते वेगळंच संकट होऊन बसतं.

तोपर्यंत रात्रीची व्यवस्था लावा. पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवा. मामाजी लाजतील, नको म्हणतील. त्यांच्या मुलाकडून सांगवा, ऐकतील. उठायचंच असेल तर आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर दोन-तीन मिनिटं बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, आणि मगच धरून उभं राहायचं. खोलीत रात्रभर बारीक दिवा हवा. तुमच्याकडे कूलर असेल, नागपुरात मे महिन्यात नसतो कोणाकडे? त्याखाली सांडलेलं पाणी, वाटेत आलेली वायर आणि पाणी भरायचा पाइप झोपायच्या आधी बाजूला करा. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर उकिडवं बसून उठताना हीच घेरी येते. त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती आणा. पोटभर जेवल्यावर आणि गरम पाण्याने आंघोळ झाल्यावरही बीपी उतरतं, तेव्हाही घाईने उठू देऊ नका.

आता डायक्लोफेनॅक. ताई, ही गोळी आजच घरातून काढा. याबाबतीत मी मऊ बोलणार नाही. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखं दुखण्याचं औषध, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंडावर मोठा भार येतो, आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी असताना तर फारच. शिवाय ही दुखण्याची गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी वाढवते. तुमच्या मशीनवर अधूनमधून दिसणारं १५८ कदाचित गुडघे दुखले त्याच दिवसांचं असेल. वहीत तारखा जुळवून पाहा. गुडघ्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, शेक, आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले मांडीचे व्यायाम करता येतात. सर्दीच्या गोळ्यांकडेही लक्ष ठेवा. नाक मोकळं करणाऱ्या फिनाइलएफ्रिनसारख्या औषधाने बीपी चढतं, आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत ते असतं. खोकल्याच्या काढ्यात रोज ज्येष्ठमध घालत असाल तर तेही थांबवा. ते बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं.

११८ आलं म्हणून गोळी बंद करण्याची सवय तर घराघरात आहे. मामाजींना सांगा, हे ११८ गोळीनेच आणलं आहे. त्यांचं बीपी बरं झालेलं नाही, ताब्यात आहे. यात अॅम्लोडिपिनची एक गंमत ठाऊक असायला हवी. हे औषध अंगातून फार सावकाश बाहेर पडतं. निम्मं बाहेर पडायला ३० ते ५० तास लागतात. म्हणून एखादी गोळी चुकवली तर त्या दिवशी आकडा फारसा हलत नाही, आणि माणसाला वाटतं, पाहा, गोळीशिवायही ठीक आहे. दोन-तीन दिवसांनी आकडा चढू लागतो तेव्हा चुकवलेली गोळी कोणाला आठवतही नाही, दोष जातो उन्हाला नाहीतर भांडणाला. हेच उलटंही आहे. शेजारच्या काकांचं ऐकून एक जास्तीची दिली तर ती लगेच काम करणार नाही, पण तिचा परिणाम अंगात रेंगाळून बीपी नको तितकं पाडू शकतो, आणि ते पडणं नेमकं पहाटे दिसू शकतं. तुमच्या घरात नसलेल्या, पण पुष्कळ घरांत चालणाऱ्या मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल आणि क्लोनिडिनसारख्या गोळ्या तर एकदम थांबवल्या की बीपी उसळी मारतं, छातीत दुखू शकतं. त्यामुळे कोणतीच गोळी आकडा पाहून चालू-बंद करायची नाही.

एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर त्याच दिवशी आठवण झाल्याबरोबर द्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाचीच द्या, दोन एकत्र नको. उपास असला तरी गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. सकाळी घ्यावी की रात्री, यावर लोक वाद घालतात. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात २१ हजारांवर लोक होते, काहींनी गोळ्या सकाळी घेतल्या, काहींनी संध्याकाळी. हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. रोज ठरलेल्या वेळी घेणं महत्त्वाचं. लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोनची, मात्र सकाळीच बरी, नाहीतर रात्री उठणं वाढतं, आणि रात्रीचं उठणंच तर आपल्याला कमी करायचं आहे.

आता मशीन. दिवसातून पाच-सहादा मोजल्याने बीपी कळत नाही, जिवाला घोर मात्र लागतो. आठवडाभर सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी जेवणाआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, एवढंच मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली असावी असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० धरतात. पण घेरी येणाऱ्या वयस्क माणसासाठी डॉक्टर वेगळी पातळी ठरवू शकतात, ती विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मोजायची पद्धत सांगते, कारण पुष्कळ वाईट आकडे चुकीच्या पद्धतीचे असतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको आणि खर्रा तर नकोच. मामाजी खर्रा खात असतील तर तंबाखूने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात, आणि लपून खाल्ला असेल तर तुम्ही उगाच घाबराल. लघवी करून यायला सांगा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. पट्ट्यातून दोन बोटं शिरतील इतकाच आवळा. हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं शांत बसल्यावर बटण दाबा आणि मोजताना कोणी बोलू नका, टीव्हीवरच्या बातम्याही बंद. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. मशीन मनगटाचं असेल तर बदलून दंडाचं घ्या. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार येत असेल तर तेही लिहा, डॉक्टर ईसीजी काढून पाहतील.

पायांची सूज. नडगीच्या हाडावर अंगठ्याने हळूच पाच सेकंद दाबून सोडा. खड्डा राहतो का, किती वेळ राहतो, कुठपर्यंत राहतो, ते पाहा. अॅम्लोडिपिनने येणारी सूज दोन्ही पायांना सारखी, घोट्यापाशी, दिवसभर पाय खाली सोडून बसल्यावर संध्याकाळी वाढते आणि रात्री झोपून सकाळी कमी होते. ती त्रासदायक आहे, धोक्याची सहसा नाही, आणि लघवी वाढवणारी गोळी वाढवून ती फारशी जात नाही. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा गोळी बदलू शकतात. पण सूज एकाच पायाला आली, पोटरी दुखू लागली, किंवा सुजेबरोबर दम लागतो, आडवं पडलं की श्वास कोंडतो आणि दोन उशा लावून झोपावं लागतं, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सासूबाईंचं म्हणणं अगदी खोटं नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या आसपास जातो, घाम जातो, अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं, बीपी आपोआप थोडं उतरतं. त्यात क्लोरथॅलिडोन आणखी मीठ-पाणी काढतं. वयस्क माणसाच्या रक्तातलं सोडियम यात बरंच उतरू शकतं. मग माणूस सुस्त होतो, पाय लटपटतात, जेवण नको म्हणतो, कधी बोलणंही गोंधळतं. म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. आणि त्यावर उपाय म्हणून अंदाजाने मीठ-पाणीही पाजू नका. रक्त तपासून घ्या. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि विचारा, टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन आज द्यायची की बरं वाटेपर्यंत थांबवायची? अंगातलं पाणी कमी झालेलं असताना याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. पुष्कळदा डॉक्टर त्या एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर दिवसभर थोडं थोडं पाणी देत राहा, तहान लागायची वाट पाहू नका.

मिठाचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, सपाट चहाच्या चमच्याएवढं, आणि त्यात भाजीतलं, पोळीतलं, लोणच्यातलं, पापडातलं सगळं आलं. उन्हाळ्यात आपल्याकडे कुरडया, सांडगे, कैरीचं लोणचं घातलं जातं, तेवढंच मीठ हिशेबात चुकतं. सैंधवातही सोडियमच आहे, त्याने काही वाचत नाही. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. बीपीसाठी म्हणून बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनही अंगातलं पोटॅशियम वाढवतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ मामाजींच्या ताटात घालू नका. संत्र्याला मनाई नाही. काही बीपीच्या औषधांबरोबर चकोतऱ्यासारखं फळ टाळायला सांगतात, ते आपलं संत्रं नव्हे. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर मात्र पोटॅशियमसाठी फळांचं प्रमाण विचारून घ्या.

तातडीची खूण कोणती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. बीपी १८०/१२० च्या वर आणि त्याबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाएकी दिसेनासं होणं, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन. पॅरालिसिससारखं वाटलं तर आकडा कितीही असो, थांबू नका, आणि शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. आकडा तितकाच आहे पण त्रास काहीच नाही, तर बसवा, शांत करा, थोड्या वेळाने परत मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून टाकायची जुनी पद्धत कोणी सांगेल, ती करू नका. बीपी धाडकन पडून मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना वही न्याच, पण सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या. नावाखाली बारीक अक्षरात जे मूळ औषधाचं नाव लिहिलेलं असतं ते वाचा. दवाखान्यातून आणलेली एका कंपनीची आणि मेडिकल स्टोअरमधली दुसऱ्या कंपनीची, अशा नावांनी एकच अॅम्लोडिपिन दोनदा पोटात जाताना मी अनेकदा पाहिलं आहे. तुमच्या घरीही जुन्या गोळ्या मार्चच्या आधीच्या उरलेल्या असतील, त्या पिशवीत वेगळ्या बांधा आणि डॉक्टरांना विचारून टाकून द्या. खर्च जास्त होत असेल तर हीच औषधं जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये दाखवत असाल तर गर्दीत डॉक्टरांना तुमच्यासाठी वेळ थोडाच असतो. म्हणून एका कागदावर तीनच ओळी लिहून न्या: पहाटे उठताना घेरी येते, झोपून आणि उभ्याने आकडे हे असे आहेत, आणि टॅम्सुलोसिन चालू आहे, डायक्लोफेनॅकही चालू होतं. हा कागद बसताक्षणी त्यांच्यापुढे ठेवा, तोंडी सांगायला नंतर वेळ उरत नाही. मार्चनंतर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम आणि पोटॅशियम तपासलं नसेल तर ते याच भेटीत लिहून मागा, आणि रिपोर्ट आला की तिन्ही आकडे मला कळवा.